रायफल अडली, दोष कोणाचा?

उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरवा येथे उभ्या राहिलेल्या कारखान्यातून एके-२०३ रायफली लष्कराच्या हाती पडू लागल्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये झालेला हा करार ६ लाख १ हजार ४२७ रायफलींचा आहे. त्याआधी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२ हजार ४०० रायफली घेण्यात आल्या आणि २०२४ मध्ये त्याच कंपनीला आणखी सुमारे ७३ हजारांची ऑर्डर गेली. पुण्यात पाषाणला असलेल्या ‘एआरडीई’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘उग्रम’ नावाची आपली नवी रायफल लोकांसमोर आणली. थोडक्यात, भारतीय जवानाच्या खांद्यावरची रायफल बदलते आहे. एका पिढीत एकदा होणारी ही गोष्ट आहे.

अशा बातम्यांत वजन असते, पल्ला असतो, किंमत असते, एखादा मंत्री रायफल हातात घेऊन उभा असलेला फोटो असतो. नसते ती एकच गोष्ट, आणि ती प्रत्येक शस्त्रागाराच्या हवालदाराला ठाऊक असते. नवी रायफल अडते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक नव्या रायफलीने पहिल्या काही वर्षांत दगा दिला आहे, अगदी आज जिचे गोडवे गायले जातात त्या कलाश्निकोव्हनेसुद्धा. पत्र्याचा सांगाडा असलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत इतका माल बाद होऊ लागला, की सोव्हिएत कारखान्यांना काही वर्षे पोलादाचा ठोकळा कोरून सांगाडा बनवण्याच्या महागड्या पद्धतीकडे वळावे लागले. पत्र्याची रायफल नीट जमली ती १९५९ साली.

तेव्हा प्रश्न रायफल अडते की नाही हा नाहीच. अडल्यावर काय केले जाते आणि दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा खरा प्रश्न आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या ज्या घरांतून मुले सैन्यात आणि केंद्रीय राखीव दलात जातात, त्या घरांसाठी तर तो मुळीच तांत्रिक नाही.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत जाऊन बसते. दुसरी गोळी हवी तर चाप पुन्हा ओढायचा. आपल्याकडे हिचे सर्वांत परिचित रूप म्हणजे ‘एसएलआर’, सेल्फ लोडिंग रायफल. एनसीसीत गेलेल्यांनी आणि पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्यांनी ती नक्की पाहिली असेल. तिच्या आधीची थ्री-नॉट-थ्री प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करून भरावी लागे. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः तीच होती.

हाताचे हे काम नव्या रायफलीत दारूचा धूर करतो. गोळी नळीतून पुढे जात असताना नळीला असलेल्या एका बारीक छिद्रातून थोडा वायू बाजूला काढला जातो. तो दट्ट्याला धक्का देतो, बोल्टचे कुलूप उघडते, बोल्टच्या तोंडावरची लहानशी आकडी रिकाम्या पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढते आणि फेकून देते. मग स्प्रिंग बोल्टला पुढे ढकलते, वाटेत तो मॅगझीनमधले नवे काडतूस उचलतो, चेंबरमध्ये बसवतो, पुन्हा कुलूप लागते. हा सारा खेळ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत आटोपतो.

यात सर्वांत नाजूक क्षण पुंगळी ओढण्याचा. प्रेशर कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. रायफलच्या चेंबरमध्ये तो तीन हजार पटींच्या वर जातो. या दाबाने पितळेची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच केसभर आकसून सुटी होते. आकडीने तिला नेमके तेव्हाच ओढायचे असते. भिंत खडबडीत असली, गंजलेली असली, तिच्यावर काजळी बसली असली किंवा ओढण्याची वेळ थोडी आधीच आली, तर पुंगळी जागची हलत नाही. आकडी तिची कड फाडून मोकळी मागे येते आणि मागून येणारे नवे काडतूस अडकलेल्या पुंगळीवर आदळते. आता रायफल म्हणजे नुसती लोखंडी काठी. पुंगळी काढायची तर तोंडाकडून नळीत गज घालून ती मागे ठोकावी लागते. समोर शत्रू असताना.

लष्करी हिंदीत अशा अडण्याला ‘रोक’ म्हणतात आणि त्यावर तिथल्या तिथे करायच्या उपायाला ‘फौरी इलाज’. बोल्ट मागे ओढा, आत बघा, अडकलेले काढा, मॅगझीन बदला, पुन्हा नेम धरा. शब्द फार समर्पक आहे. इलाज फौरी आहे, म्हणजे तापावरची गोळी. ताप कशाने आला हे नंतर शोधायचे असते, आणि गडबड बहुतेक वेळा या ‘नंतर’मध्ये होते.

घरात शिलाई मशीन असेल तर हे कळायला सोपे जाईल. धागा वारंवार तुटतो. कारण सुई वाकडी असेल, धागा निकृष्ट असेल, बॉबिन उलटी बसली असेल, तेल कमी किंवा जास्त झाले असेल, कापड न झेपणारे असेल. जाणता कारागीर एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि बघतो. अजाणता माणूस एकदम सगळे बदलतो, मशीन चालू होते आणि दोष कशात होता ते कायमचे अंधारात राहते. तिसरा प्रकार घरातल्या ज्येष्ठांचा. ते मशीनकडे न बघताच म्हणतात, ‘तुला चालवता येत नाही.’ रायफलींच्या इतिहासात हा तिसरा प्रकार फार बोकाळलेला आहे.

नव्या रायफलीची तपासणी खरे तर अशीच चालायला हवी. आधी मॅगझीन. त्यांवर क्रमांक घालावेत. रोक दरवेळी तीन नंबरच्या मॅगझीनवरच येत असेल तर रायफलीला हात लावण्याचे कारणच नाही, त्या मॅगझीनचे ओठ वाकलेले असतील किंवा स्प्रिंग बसलेली असेल. मग काडतुसे. प्रत्येक पेटीवर लॉट क्रमांक असतो. दुसऱ्या लॉटची काडतुसे घालून पाहावीत. एक लॉट अडतो आणि दुसरा बिनबोभाट चालतो, असे झाले तर उत्तर रायफलीत नाही, दारूच्या कारखान्यात आहे. त्यानंतर रोक कसली आहे ते पाहायचे. बोल्ट पुरता मागे येतच नसेल तर वायू कमी पडतो आहे. छिद्रात काजळी साचली असेल किंवा काडतूस दुबळे असेल. पुंगळी चेंबरमध्ये राहत असेल तर चेंबर, आकडी आणि आकडीची स्प्रिंग. पुंगळी निघते पण बाहेर न पडता दारातच अडकते, तर फेकणारा खिळा किंवा पुन्हा अपुरा धक्का. आणि हे सारे वहीत लिहिलेले हवे: कितव्या गोळीला, कोणत्या मॅगझीनवर, कोणत्या लॉटवर.

सफाईचे महत्त्व यात कुठेच कमी होत नाही. नवी रायफल पेटीतून येते ती ग्रीसने माखलेली, गोदामात गंजू नये म्हणून. ते ग्रीस नळीतून, चेंबरमधून, वायूच्या मार्गातून पूर्ण काढल्याशिवाय ती चालवणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे. पहिले काम मॅगझीन काढून चेंबर रिकामे आहे का हे डोळ्याने आणि बोटाने पाहण्याचे, आणि ते दर वेळी, शंभराव्या वेळीही. मग दोरीच्या पुल-थ्रूला फ्लॅनेलची चार बाय दोन इंची चिंधी लावून ती नळीतून ओढायची, स्वच्छ निघेपर्यंत. चेंबर नळीपेक्षा रुंद असते, त्यामुळे नळीची चिंधी तिथे नुसती फिरून येते. त्याला वेगळा ब्रश लागतो. नेमका हाच ब्रश संचात नसणे किंवा हरवणे ही जगभरच्या सैन्यांची जुनी खोड आहे. दट्ट्यावरची काजळी खरवडायची, आकडीच्या खालचा कचरा काढायचा. तेल मात्र बेताने. सरकणाऱ्या भागांवर पातळ थर, नळी आणि चेंबर गोळीबाराआधी कोरडे ठणठणीत. काडतुसांना तर तेलाचा स्पर्शही नको.

इथे हवामानही येते. राजस्थानच्या वाळूत जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. तेल आणि वाळू मिळून दळणाचे जाते तयार होते. कोकणच्या किंवा गडचिरोलीच्या पावसाळ्यात तेल न लावलेला भाग रात्रीत तांबडा पडतो. उंच बर्फात तेल घट्ट होऊन बोल्ट मंदावतो. शिवाय थंडीतली रायफल तंबूच्या उबेत आणली तर तिला घाम सुटतो आणि पुन्हा बाहेर नेली की तो घाम गोठतो. म्हणजे ‘रायफल साफ ठेवा’ हा एक हुकूम नाही, प्रत्येक मुलखासाठी वेगळा हुकूम आहे. आणि जाता जाता: परेडच्या तपासणीसाठी चकचकीत दिसावी म्हणून रोज गज घालून घासलेल्या नळीचे तोंड झिजते आणि नेम बिघडतो. सफाईचाही अतिरेक होतो.

एवढे सगळे खरे असूनही, ‘सफाई केली नाही’ हे उत्तर पहिल्यांदा ओठांवर येते तेव्हा सावध व्हावे. याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत नीट तपासले गेलेले उदाहरण व्हिएतनामचे आहे.

यूजीन स्टोनर या अभियंत्याने रचलेली अमेरिकेची एम-१६ रायफल हलकी, नेमकी आणि काळाच्या पुढची होती. नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या लढाईत तिने चांगले काम दिले. तिथल्या तुकड्यांचा तिच्याशी आधीपासून सराव होता. पुढे ती लाखांनी वाटली गेली आणि १९६६ पासून तक्रारी सुरू झाल्या. १९६७ च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढले तेव्हा ही रायफल त्यांच्या हाती नुकतीच आली होती. तिथून घरी आलेल्या पत्रांत मृत सैनिकांशेजारी उघडून पडलेल्या रायफलींचे वर्णन होते. अडकलेली पुंगळी काढण्याच्या प्रयत्नात ती मुले मारली गेली होती. अशी पत्रे वर्तमानपत्रांत छापून आली, काँग्रेसमध्ये गेली.

लष्कराचे पहिले उत्तर काय असावे? सैनिक रायफल साफ ठेवत नाहीत. गंमत अशी, की हीच रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज आधी पसरू दिला गेला होता आणि सफाईचे संच पुरेसे धाडलेच नव्हते. ज्याला ब्रश दिला नाही त्यालाच घासले नाही म्हणून दोषी ठरवण्याचा हा प्रकार.

मे १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाने मिसुरीचे सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमली आणि तिने ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. सहा महिन्यांच्या आत, युद्ध चालू असताना. समितीने जे केले ते वर सांगितलेल्या कारागिरासारखे होते. तिने विचारले: मूळ रायफल चाचण्यांत चालत होती, मग मध्ये बदलले काय? उत्तर निघाले, दारू. स्टोनर यांनी रायफल एका कंपनीच्या नळकांडीसारखे कण असलेल्या दारूवर बेतली होती. १९६४ मध्ये लष्कराने दुसऱ्या कंपनीची गोल कणांची दारू स्वीकारली. तिच्यामुळे वायूच्या छिद्राशी दाब वेगळा पडू लागला, बोल्ट ठरल्यापेक्षा वेगाने आणि लवकर मागे येऊ लागला, म्हणजे पुंगळी आकसण्याच्या आतच ओढाओढ सुरू. शिवाय तिच्यात आम्लता मारण्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट, साध्या भाषेत खडूची पूड, मिसळलेली असे. ती वायूच्या नळीत थर धरी. हा बदल आपल्याला विचारून केला गेला नव्हता, असे स्टोनर यांनी समितीपुढे सांगितले.

दुसरा शोध चेंबरचा. सोव्हिएत रायफलींच्या नळीला आणि चेंबरला आतून क्रोमचा मुलामा असे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकेला हा धडा मिळालेला होता आणि तिच्या आधीच्या एम-१४ रायफलीला मुलामा दिलेलाही होता. एम-१६ ला दिला नाही. व्हिएतनामच्या दमट हवेत चेंबरला बारीक खड्डे पडले आणि पुंगळ्या त्यांत रुतू लागल्या. हे खड्डे कितीही घासले तरी जात नाहीत.

तिसरी गोष्ट मात्र वाचताना थांबायला लावते. गोल कणांच्या दारूवर रायफलींचा वेग मर्यादेबाहेर जातो हे कारखान्याला ठाऊक होते, लष्करालाही. मार्ग काढला गेला तो असा की कारखान्यातून बाहेर पडतानाची स्वीकृती चाचणी जुन्या दारूच्या काडतुसांवर घ्यायला मुभा देण्यात आली. रायफल एका काडतुसावर पास व्हायची आणि सैनिकाच्या हातात दुसरे काडतूस जायचे. काडतुसांतले दोष माहीत असूनही ते दूर करण्यासाठी हालचाल न करणे हे गुन्हेगारी स्वरूपाच्या हलगर्जीपणाच्या सीमेवर जाते, असा ठपका समितीने अहवालात ठेवला. एका लोकशाही देशाच्या संसदीय समितीने युद्धकाळात स्वतःच्या लष्कराबद्दल हे लिहिले, हे विशेष.

पुढे चेंबरला क्रोम आले, बोल्टचा वेग आवरणारा नवा भाग आला, सफाईचे संच आले. सफाई कशी करावी हे सांगणारी एक चित्रकथाच लष्कराने छापली. ती विख्यात चित्रकथाकार विल आयझ्नर यांनी काढली होती. दोष दारूचा आणि चेंबरचा सापडल्यावरही सफाईचे शिक्षण सोडून दिले नाही. ती रायफल नंतर अनेक दशके अमेरिकी सैन्याची मुख्य रायफल राहिली.

उलटी उदाहरणेही आहेत. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये नासिरियाला अमेरिकेची एक देखभाल तुकडी वाट चुकून हल्ल्यात सापडली आणि अनेकांच्या रायफली अडल्या. लष्कराच्या चौकशीत वाळवंटातील अपुऱ्या देखभालीकडे बोट दाखवले गेले, आणि ते पटण्यासारखे होते. लढाऊ नसलेल्या तुकडीच्या शस्त्रांकडे शांततेतही कोणी फारसे बघत नाही. ब्रिटनची एसए-८० ही १९८५ ची रायफल १९९१ च्या आखाती युद्धात वाळूने हैराण झाली. तिथेही बरीच वर्षे सैनिकांनाच ऐकवले गेले. अखेर २००० नंतर जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीकडून सुमारे दोन लाख रायफलींचे आतले भाग बदलून घ्यावे लागले.

आता आपल्याकडे येऊ. ‘इन्सास’ ही ५.५६ मिलिमीटरची भारतीय रायफल पाषाणच्या एआरडीईनेच रचली. ईशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत ती बनली, नव्वदच्या दशकात सैन्यात आली आणि १९९९ मध्ये कारगिलच्या बर्फात तिची कसोटी लागली. तक्रारी मुख्यतः तीन होत्या. थंडीत प्लॅस्टिकचे मॅगझीन तडकते. गोळीबार करताना तेलाचे शिंतोडे डोळ्यांत उडतात. आणि तीन गोळ्यांच्या फैरीवर ठेवलेली रायफल कधी कधी तीनवर थांबतच नाही.

या तिन्ही तक्रारी एकाच पोत्यात घालून ‘इन्सास टाकाऊ’ किंवा ‘इन्सासची बदनामी’ अशा दोन टोकांवर आपली चर्चा वर्षानुवर्षे झाली. जरा सुट्या करून पाहा. मॅगझीन तडकणे हा प्लॅस्टिकचा दोष आहे. कोणत्याही जवानाच्या चिंधीने तो दूर होत नाही. तेलाचे शिंतोडे हा काही अंशी जास्त तेल घालण्याचा परिणाम असू शकतो, पण सैनिक भीतीपोटी जास्तच तेल घालणार हे गृहीत धरून रचना करणे हे रचनाकाराचेच काम. फैर न थांबणे हा चापाच्या यंत्रणेतल्या एखाद्या भागाचा प्रश्न, म्हणजे कारखान्यातल्या मापांचा. तीन तक्रारींची तीन वेगळी घरे आहेत. सुधारणा झाल्या, नव्या आवृत्त्या आल्या, हेही नोंदवले पाहिजे. पण कोणत्या तक्रारीवर कोणता उपाय केला आणि त्यानंतर रोकांचे प्रमाण किती उरले, याचा आयकॉर्ड समितीसारखा जाहीर हिशेब आपल्याला कधी मिळाला नाही.

ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांनी लष्करी तळावर हल्ला केला आणि चाळीसहून अधिक नेपाळी सैनिक मारले गेले. लांबलेल्या चकमकीत इन्सास रायफलींनी साथ दिली नाही, असे नेपाळी लष्कराने जाहीरपणे सांगितले. भारतीय बाजूने आलेले उत्तर वापर आणि हाताळणीकडे बोट दाखवणारे होते. कदाचित ते खरेही असेल. दीर्घकाळ सलग गोळीबारात तापलेली, तेल सुकलेली रायफल अडणे अशक्य नाही. पण हे उत्तर तपासणीच्या शेवटी यायला हवे होते. ते सुरुवातीलाच आले. पुढे आपल्याच केंद्रीय राखीव पोलीस दलाने इन्सास बदलून मागितली आणि २०१५ मध्ये त्यातल्या काहींच्या जागी एके-४७ देण्यात आल्या. नक्षलग्रस्त जंगलात रोज गस्त घालणाऱ्या माणसांचे मत हा काही शेवटचा पुरावा नव्हे, पण त्याला पत्रकापेक्षा वजन आहे. २०१७ मध्ये ईशापूरच्या नव्या ७.६२ रायफलीलाही लष्कराने नाकारले. कारणांमध्ये वारंवार येणाऱ्या रोका होत्या.

आता जे घडते आहे ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. पहिली अडचण काडतुसांची. इन्सासचे ५.५६ बाय ४५, सिग आणि उग्रमचे ७.६२ बाय ५१, एके-२०३ चे ७.६२ बाय ३९. यांतली दोन कागदावर नुसती ‘७.६२’ म्हणून सारखी दिसतात, पण एकाचे काडतूस दुसरीत चालत नाही. (पुरवठा खात्यातल्या कारकुनासाठी हा सापळाच आहे.) तीन काडतुसे म्हणजे तीन प्रकारच्या दारू, तीन प्रकारची काजळी, तीन प्रकारची मॅगझीने आणि सफाईचे वेगळे संच.

दुसरी अडचण कमी दिसणारी, आणि माझ्या मते जास्त गंभीर. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. दारूगोळा गेला ‘म्युनिशन्स इंडिया’कडे, जिचे मुख्यालय पुण्यात खडकीला आहे, भुसावळजवळचा वरणगावचा काडतूस कारखाना तिच्याच छत्राखाली येतो. ईशापूर आणि कानपूरच्या रायफली गेल्या कानपूरच्या दुसऱ्या कंपनीकडे. एके-२०३ बनवणारी भारत-रशिया कंपनी तिसरी. सिगच्या रायफली परदेशी. उग्रमची रचना सरकारी संस्थेची आणि भागीदार हैदराबादची खासगी कंपनी. उद्या एखादी रायफल अडली तर रायफलवाला काडतुसाकडे बोट दाखवेल, काडतूसवाला रायफलीकडे, आणि दोघे मिळून जवानाकडे. पूर्वी दोन्ही एकाच मंडळाखाली असताना जे भांडण निदान एका छपराखाली होते, ते आता करारांच्या कलमांत जाईल. कंपन्या केल्या याला विरोध नाही. हिशेब स्वच्छ होतात. पण दारू बदलली तर रायफलवाल्याला कळवण्याचे बंधन कोणावर, हे कुठेतरी ठळक लिहिलेले हवे. व्हिएतनाममध्ये नेमके तेच नव्हते.

तिसरी गोष्ट सरावाची. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या गोळीबार सरावाच्या आणि त्यासाठीच्या दारूगोळ्याच्या तुटवड्याकडे लक्ष वेधले होते. वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडणाऱ्या शिपायाला रोक म्हणजे काय हे पुस्तकातच कळते. फौरी इलाज हातांना यावा लागतो, डोक्याला येऊन भागत नाही. शिवाय नवी रायफल अडते की नाही हे कळायचे तर ती सरावात भरपूर चालवावी लागते. सरावात वाचवलेल्या काडतुसांमुळे रायफलीतला जो दोष मैदानावर उघडा पडायचा, तो चकमकीत पडतो.

नव्या रायफलींच्या बाबतीत वाद घालायला अजून वेळ आहे, आणि तो देशी की विदेशी या नेहमीच्या वळणावर न नेता घालावा. प्रत्येक तुकडीत रोकांची वही असावी आणि ती भरल्याबद्दल कोणाला बोलणी खावी लागू नयेत. आज ‘रायफल अडली’ असे लिहिणे म्हणजे ‘मी साफ केली नाही’ अशी कबुली देण्यासारखे वाटते, म्हणून जवान लिहीतच नाही. वहीत लॉट क्रमांक असावा. ती वही रायफल बनवणाऱ्या आणि काडतूस बनवणाऱ्या दोघांनाही एकाच वेळी दिसावी. उग्रमसारख्या रायफलीच्या चाचण्यांचे निकाल जाहीर होतील तेव्हा किती गोळ्यांमागे किती रोका आल्या एवढाच आकडा पुरेसा मानू नये. चाचणीची काडतुसे कोणत्या कारखान्याची, कोणत्या लॉटची होती, आणि उद्या जवानाच्या मॅगझीनमध्ये जाणारी काडतुसे तीच आहेत का, हे अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवे.